१९७१ ची सी१०: ३५० काढून ५.३ आणि ४एल६०ई बसवताना काय काय अडतं?

हौदा_७१

गाडी १९७१ ची शेवरोले सी१० पिकअप. लांब हौदा, १२७ इंच व्हीलबेस, ताकद फक्त मागच्या चाकांना. सध्या तिच्यात कार्ब्युरेटरवालं ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक (शेवरोलेचं जुनं व्ही८ इंजिन) आणि तीन गियरचा टीएच३५० ऑटोमॅटिक आहे. मागच्या एक्सलचं गुणोत्तर ३.७३, टायर २८ इंची. चासी, ब्रेक, स्टिअरिंग ठीक. पण ताशी ६५ मैलांना इंजिन तीन हजाराच्या आसपास ओरडत राहतं आणि थंडीत कार्ब्युरेटर रुसून बसतो.

२००२ च्या सिल्वेराडो ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन, म्हणजे एलएस घराण्यातलं एलएम७, आणि त्याचाच चार गियरचा ४एल६०ई ऑटोमॅटिक गियरबॉक्स असा जोड मिळतोय. हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि कॉम्प्युटर सोबत आहेत, थ्रॉटल केबलचा आहे. घेण्याआधी काय तपासायचं? सी१० च्या चासीत नेमकं काय अडतं? पेट्रोलची टाकी सीटमागेच ठेवता येईल का? आणि डॅशबोर्डवरचे मूळ काटे चालू राहतील का? ताकद वाढवायची नाही, रोज चालवायची गाडी आहे.

---

तेलकट

आधी आरपीएमचं गणित. २८ इंची टायर, ३.७३ आणि सरळ टॉप गियर म्हणजे ६५ मैलांना २,९०० च्या वर, शिवाय टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ताकद तेलातून गियरबॉक्सला देणारा भाग) घसरण वेगळी. ४एल६०ई चा चौथा ०.७० चा आहे. कन्व्हर्टर लॉक झाला की तोच आकडा २,०४० च्या आसपास येतो. पहिला गियरही २.५२ ऐवजी ३.०६, त्यामुळे उठाव वाढतो. एक्सलला हात लावू नका. ३.०७ असता तर चौथ्यात इंजिन गुदमरलं असतं.

आता इंजिन. विकणारा २००२ म्हणतो म्हणून ते २००२ चं असतंच असं नाही. एलएसची तिसरी आणि चौथी पिढी बाहेरून सारखीच दिसते, पण आतल्या खुणा वेगळ्या. सेल्फ काढलात की त्याच्या मागे क्रँक सेन्सर दिसेल. तो काळा असेल तर क्रँकवर २४ दात्यांची चकती, करडा असेल तर ५८. तिसऱ्या पिढीत कॅम सेन्सर मागे, इनटेकच्या पाठीशी असतो, चौथीत पुढे टायमिंग कव्हरवर. नॉक सेन्सर (इंजिनची ठोकर ऐकणारा) तिसऱ्या पिढीत इनटेकखालच्या दरीत, चौथीत ब्लॉकच्या कुशीला. तुमचा कॉम्प्युटर २४ दात्यांचा असणार, तेव्हा इंजिनही २४ चंच हवं. विसंगत जोड घेतलात तर बदलाचे डबे आणि जुळवाजुळव यातच महिने जातात. २००२ च्या इंजिनात सिलिंडर बंद करणारी यंत्रणा नाही, हा या पिढीचा मोठा फायदा. पुढच्या पिढीत तिचेच लिफ्टर बसतात आणि कॅम खातात.

हेड बघा. ७०६ कास्टिंगचे काही हेड, ज्यांवर कास्टेकची खूण असते, आतून चिरतात. कूलंट कमी होत राहतं आणि बाहेर कुठेही थेंब दिसत नाही, कारण ते ऑइलमध्ये उतरतं. रॉकर कव्हर काढून आत कूलंटचा ओघळ किंवा साय दिसते का ते पाहा. कव्हर दोन्ही बाजूंचे उघडा, एकाच बाजूने समाधान मानू नका.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे सर्वांत मागचे बोल्ट तुटलेले असणं या इंजिनांत जवळपास गृहीतच धरायचं. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट एम८. इंजिन स्टँडवर असताना तुटका तुकडा काढणं अर्ध्या तासाचं काम, गाडीत बसवल्यावर फायरवॉलला डोकं टेकवून दिवसभराचं.

स्टँडवर असतानाच बदलून टाका: मागचं मेन सील, पुढचं क्रँक सील, वॉटर पंपाचं पॅकिंग, दरीतले दोन्ही नॉक सेन्सर (त्यांच्या खळग्यात पाणी साचून ते गंजतात) आणि ब्लॉकच्या मागच्या ऑइल गॅलरीतल्या डंबेलच्या आकाराच्या बुचाची ओ-रिंग. बुच काढलं तर परत बसवायला विसरू नका. ते नसेल तर ऑइल फिल्टरला वळसा घालून जातं आणि दाबही पडतो.

---

पाना_१३

चासीबद्दल.

चासीवरच्या स्मॉल ब्लॉकच्या आधारांवर एलएस इंजिन सरळ बसत नाही, ब्लॉकवरच्या माउंटच्या जागा वेगळ्या आहेत. मधे जोडपट्ट्या येतात. त्या तीन-चार प्रकारच्या मिळतात: काही इंजिन मागे सरकवतात, काही पुढे, काही बेलहाउसिंग (गियरबॉक्सचं इंजिनाला जुळणारं तोंड) स्मॉल ब्लॉकच्याच जागी ठेवतात. तुम्हाला तिसऱ्या प्रकारच्या हव्यात. इंजिन मागे नेलंत की गियरबॉक्सचे वरचे बोल्ट फायरवॉलला भिडतात आणि हीटरचा डबा आडवा येतो. हेडच्या मागे आणि फायरवॉलच्या मधे निदान एक इंच मोकळं ठेवा, नाहीतर पुढे सेन्सरची पिन काढायलाही हात जाणार नाही. इंजिन मागच्या बाजूला साधारण ३ अंश कललेलं असावं.

पहिली खरी अडचण ऑइल चेंबरची. ट्रकचा चेंबर खोल आहे आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतो. गाडी मूळ उंचीवर असेल तर चालून जातं, पण खाली उतरवलेली असेल तर पहिल्याच गतिरोधकाला चेंबर फुटतो. त्यापेक्षा अदलाबदलीसाठी बनवलेला उथळ चेंबर लावा. सोबत त्याचाच पिकअप पाईप (पंपासाठी तेल ओढणारा) आणि त्याचीच डिपस्टिक घ्या, एकाचा पाईप दुसऱ्यात घालू नका. पाईपाची ओ-रिंग नवी, नेमक्या मापाची, तेल लावून बसवा. ती चिमटली किंवा फाटली तर पंप हवा ओढतो. थंड असताना दाब ठीक दिसतो, इंजिन तापलं की काटा खाली येतो, आणि लोक बिचारे बेअरिंगला दोष देत बसतात.

दुसरं म्हणजे हा चेंबर नुसतं झाकण नाही, इंजिनाच्या सांगाड्याचा भाग आहे. बेलहाउसिंगचे खालचे बोल्ट त्याच्यातच जातात. म्हणून तो घट्ट करण्याआधी ब्लॉकच्या मागच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. चेंबर त्या तोंडाच्या बाहेर अजिबात यायला नको, फार तर पाव मिलिमीटर आत चालतो. बाहेर आला आणि तसाच गियरबॉक्स कसला तर चेंबरचा कान तुटतो. पुढच्या-मागच्या कव्हरच्या चारही सांध्यांवर सीलंटचा ठिपका द्या.

तिसरं, पट्ट्याकडची बाजू. एलएस मध्ये बेल्टच्या तीन वेगळ्या ओळी आहेत: कॉर्व्हेटची इंजिनाला सगळ्यांत जवळ, कॅमॅरोची मधली, ट्रकची सगळ्यांत पुढे. डॅम्पर (क्रँकवरची पुली), वॉटर पंप, ब्रॅकेट हे तिन्ही एकाच घराण्याचे हवेत. कॅमॅरोचा डॅम्पर आणि ट्रकचा पंप अशी खिचडी केली की बेल्ट सरळ धावत नाही. सी१० मध्ये बोनेटखाली पुढे भरपूर जागा असते, तेव्हा ट्रकचाच संच ठेवा. फक्त एसीचा कॉम्प्रेसर मूळ जागी, उजवीकडे खाली, चासीच्या रेलला अडतो. एसी हवा असेल तर तो वर नेणारं ब्रॅकेट घ्या. रेल कापून जागा करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. तिथेच पुढच्या सस्पेन्शनचा भार येतो.

पॉवर स्टिअरिंगच्या नळ्या: जुन्या बॉक्सला फ्लेअरचं तोंड, नव्या पंपाला मेट्रिक ओ-रिंगचं. दोन्ही टोकं जुळणारी नळी बनवून घ्या. आटे जबरदस्तीने बसवले तर पंपाचं तोंड जातं.

एक्झॉस्टला डाव्या बाजूला स्टिअरिंगचा शाफ्ट आणि बॉक्स बघून मॅनिफोल्ड निवडा. इंजिन थंड असताना बोटभर अंतर दिसतं, माउंटचं रबर दबलं की तेच शाफ्टला घासतं. ऑक्सिजन सेन्सर दोन पुरेत, दोन्ही बाजूंना एकेक, मॅनिफोल्डच्या तोंडाजवळ. त्यांचं बूड पाईपच्या आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर ठेवा, नाहीतर पाईपातलं पाणी सेन्सरमध्ये उतरतं आणि तो तडकतो. सेन्सरच्या आधी कुठेही गळती नको. बाहेरची हवा आत ओढली गेली की कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटतं आणि तो पेट्रोल ओतत सुटतो.

---

ओव्हरड्राइव्ह

गियरबॉक्स. मागचा माउंट बेलच्या तोंडापासून टीएच३५० मध्ये २० ३/८ इंचांवर, ४एल६०ई मध्ये २२ १/२ इंचांवर. म्हणजे क्रॉसमेंबर साधारण दोन इंच मागे. एकूण लांबीही तीन इंचांच्या आसपास वाढते, त्यामुळे शाफ्ट तेवढा कापावा लागतो. लांब हौद्याच्या गाड्यांत शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे बेअरिंग. त्यात फक्त पुढचा तुकडा आखूड करायचा. योक (शाफ्टचं गियरबॉक्सात सरकणारं टोक) जुनाच चालतो, दोघांचेही २७ स्प्लाइन (खाचा). मोजमाप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या, जॅकवर टांगलेली असताना नाही. योक पूर्ण आत ढकलून पाऊण ते एक इंच बाहेर ओढा आणि तिथपासून क्रॉसच्या मध्यापर्यंत मापा. कापल्यावर शाफ्ट बॅलन्स करून घ्याच. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मधल्या बेअरिंगचा कोनही बघा. ५० मैलांच्या पुढे जो कंप येतो तो बहुधा तिथला असतो, आणि लोक टायर बदलत बसतात.

आता सगळ्यांत महाग चूक. टॉर्क कन्व्हर्टर गियरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसलेला हवा. फिरवत आत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने, तीनदा, खाली उतरलेला हाताला कळतो. इंजिन आणि गियरबॉक्सची तोंडं हाताने पूर्ण जुळली पाहिजेत, बोल्टने ओढून नाहीत. जुळल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (क्रँकवरची चकती) त्याच्यात १/८ ते ३/१६ इंच अंतर राहिलं पाहिजे. अंतर शून्य असेल तर थांबा आणि गियरबॉक्स मागे घ्या. तसंच कसलंत तर पंप पहिल्या सेल्फलाच फुटतो. बेलहाउसिंगचे बोल्ट ३७ फूट-पौंड. फ्लेक्सप्लेटचे क्रँकवरचे बोल्ट तीन फेऱ्यांत: १५, ३७, ७४. बेलहाउसिंगला एका बोल्टचं भोक ब्लॉकमध्ये सापडणार नाही. एलएस ब्लॉकला ते नसतंच, शोधत बसू नका.

तुमच्याकडे जोड मूळचा असल्याने क्रँकच्या खोलीचा प्रश्न येत नाही. पण कोणी जुना टीएच३५० याच इंजिनाला लावायचं म्हणत असेल तर लक्षात ठेवा, एलएसच्या क्रँकचं तोंड स्मॉल ब्लॉकपेक्षा ०.४०० इंच आत आहे. तिथे जाड स्पेसर, लांब बोल्ट आणि सपाट फ्लेक्सप्लेट लागते. स्पेसर न घालता बसवलं तर कन्व्हर्टरची नाभी क्रँकमध्ये टेकत नाही आणि फ्लेक्सप्लेट काही हजार मैलांत चिरते.

स्टिअरिंग कॉलमवरची गियरची दांडी चालते, पण दर्शक तीन गियरचा आहे आणि खाचा जुळत नाहीत. महत्त्वाचं दर्शक नाही, गियरबॉक्सवरचा लीव्हर आहे. प्रत्येक स्थितीत तो आतल्या खाचेत टक्क बसला पाहिजे. अर्धवट राहिला तर व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, दाब कमी पडतो आणि तिसऱ्या-चौथ्याचे क्लच जळतात. तसेही ते या गियरबॉक्सचं दुखणं आहेत. म्हणून बसवण्याआधी खालची ट्रे काढा. करडी पेस्ट थोडी असेल तर ठीक. काळे तुकडे आणि जळका वास असेल तर आधी उघडा. रिकाम्या गियरबॉक्सला कन्व्हर्टरसकट साधारण ११ क्वार्ट तेल लागतं. रेडिएटरमधला जुना तेल-कूलर आणि नळ्या वापरणार असाल तर आतून धुऊन घ्या. शक्यतो कूलर नवाच लावा, जुन्या गियरबॉक्सचा कचरा नव्याच्या पोटात जायला नको.

---

तेलकट

यात एक भर. कोणीतरी इथे येऊन ४एल८०ई घ्या म्हणेलच. तो दणकट आहे हे खरं, पण गियर २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५. पहिला मंद, चौथा ०.७०पेक्षा कमी आरामाचा, वजन जास्त, योक ३२ स्प्लाइनचा म्हणजे वेगळा आणि क्रॉसमेंबर आणखी मागे. रोजच्या गाडीत मूळ ताकदीच्या ५.३ मागे चांगल्या अवस्थेतला ४एल६०ई पुरतो.

ओव्हरड्राइव्ह

ट्रेलर ओढायचा नसेल तर मान्य. जड ओढायचा असेल तर माझं मत बदलेल.

---

हौदा_७१

ट्रेलर नाही. कन्व्हर्टरच्या अंतराचं कुठेच वाचलं नव्हतं, बरं झालं. आता पेट्रोल आणि वायरिंग सांगा. सीटमागची टाकी सुकी आहे, गंज नाही. काढायचा कंटाळा आहे एवढंच.

---

ऐंशी_ओहम

कंटाळा बाजूला ठेवा. त्या टाकीत पेट्रोलचं हिंदकळणं अडवणारे कप्पे नाहीत. पाव टाकीवर वळण घेतलं की पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि पंप हवा गिळतो. कार्ब्युरेटरला ते कळायचंही नाही, त्याच्या वाटीत साठा असतो. इंजेक्शनला तत्क्षणी कळतं, इंजिन झटका देतं. शिवाय केबिनच्या आत, पाठीशी, ५८ पीएसआय दाबाच्या नळ्या. टाकी मागे, चासीच्या दोन रेलच्या मधे न्या, जिथे स्टेपनी टांगतात. १९७३ नंतरच्या ब्लेझरची टाकी तिथे बसवतात. शेवरोलेचा त्या काळचा टाकीतला सेंडर (काट्याला पातळी कळवणारा भाग) ० ते ९० ओहमचा, आणि तुमच्या डॅशचा काटाही ० ते ९० चाच. म्हणजे पेट्रोलचा काटा जसाच्या तसा चालतो.

पंप टाकीच्या आतच बसवा. चासीवर बाहेर लावलेला पंप गरम होतो आणि आवाज करतो. पुढे जाणारी नळी ३/८, परतीची ५/१६. रबरी तुकडे इंजेक्शनच्या प्रतीचे, म्हणजे ३०आर९. कार्ब्युरेटरची ३०आर७ नळी या दाबाला फुगते. टाकीच्या आत बुडणारा तुकडा मात्र ३०आर१० हवा. ३०आर९ बाहेरून पेट्रोलमध्ये भिजायला बनलेली नाही, आत ती काही महिन्यांत मऊ पडते. ही चूक फार होते, कारण दोन्ही नळ्या हातात सारख्याच दिसतात.

दाबाचं. २००२ च्या पेट्रोल-रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) बहुतेक रेग्युलेटर असतो, त्याला इनटेकची व्हॅक्यूम नळी लागते. तो असेल तर परतीची नळी रेलपासून टाकीपर्यंत न्या, आणखी काही नको. निष्क्रिय चालीला दाब थोडा कमी दिसेल, व्हॅक्यूमची नळी काढली की ५८ च्या जवळ जाईल. हे बरोबर आहे, बिघाड नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे कॉर्व्हेटचा तीन तोंडांचा फिल्टर, ज्याच्या आतच ५८ चा रेग्युलेटर आहे. तो टाकीजवळ लावायचा आणि पुढे एकच नळी न्यायची. पण मग रेलवरचा रेग्युलेटर निकामी करावा लागतो, दोन्ही एकत्र लावू नका. आणि कॉम्प्युटर ट्यून करणाऱ्याला तुम्ही कोणता मार्ग घेतला ते सांगा. व्हॅक्यूम जोडलेला असेल तर इंजेक्टरच्या प्रवाहाचा तक्ता सपाट लागतो, कायम ५८ असेल तर उतरता. तक्ता चुकला की निष्क्रिय चालीत एक मिश्रण, ओढताना दुसरं, आणि दोष बिचाऱ्या सेन्सरांवर.

---

वायरमन_काका

हार्नेस बघून घाबरायचं कारण नाही. कॉम्प्युटरला बाहेरून लागतं ते मोजकंच: कायम चालू १२ व्होल्ट (नारिंगी वायर), चावीने चालू होणारे १२ व्होल्ट (गुलाबी), अर्थ, आणि पंपाच्या रिलेचा इशारा. बाकी सगळं इंजिनाचं इंजिनालाच.

जुन्या गाडीत दोन सापळे आहेत. १९७१ मध्ये कॉइलला जाणारी वायर रोधक वायर आहे, पॉइंट जळू नयेत म्हणून मुद्दाम तशी. मोकळी तपासली तर मीटर १२ दाखवतो. तिच्यावर कॉम्प्युटर, आठ कॉइल आणि आठ इंजेक्टरचा भार टाकला की व्होल्टेज कोसळतं. गुलाबी वायरी तिला जोडू नका. फ्यूजच्या डब्यातून चावीचा इशारा घ्या, त्याने रिले ओढा, आणि रिलेला बॅटरीपासून फ्यूज घालून सरळ जाड वायर द्या. दुसरा सापळा: काही फ्यूजवरचे १२ व्होल्ट सेल्फ मारताना गायब होतात. लक्षण ठरलेलं. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही, आणि चावी सोडताक्षणी एखादा स्फोट ऐकू येतो. चाचणीचा दिवा लावून सेल्फ मारून बघा. दिवा विझला तर जागा चुकली.

अर्थ. हार्नेसचे अर्थ दोन्ही हेडच्या मागे लागतात, रंग खरवडून. बॅटरीची निगेटिव्ह केबल ब्लॉकला, ब्लॉकपासून चासीला वेगळी, हेडपासून फायरवॉलला वेगळी. यातली एकही वगळू नका. अर्थ कमी पडला की करंट थ्रॉटलच्या केबलमधून रस्ता शोधतो, केबल गरम होऊन अडकायला लागते, आणि कोणालाच कळत नाही का.

अल्टर्नेटर: तुमच्या गाडीला बाहेर वेगळा रेग्युलेटर आहे, तो काढा. नव्या अल्टर्नेटरचा रेग्युलेटर आत असतो. त्याच्या ‘एल’ टोकाला थेट १२ व्होल्ट देऊ नका, आतला रेग्युलेटर जळतो. ते टोक कॉम्प्युटरने चालवायचं किंवा मधे दिवा अथवा रोधक घालायचा. जुनी चार्जिंग वायर बारीक आहे. अल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंत ४ गेजची नवी ओढा, फ्यूजसकट.

पंपाचं रिले कॉम्प्युटरच्या ताब्यातच ठेवा. चावी दिली की तो पंप दोन सेकंद चालवतो, मग क्रँक फिरतोय हे दिसलं तरच पुढे. पंप थेट चावीला जोडला तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही फुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहत राहील.

काटे. पेट्रोलचं वर आलंच आहे. तापमानाच्या मूळ काट्याला कॉम्प्युटरचा सेन्सर चालत नाही, त्याचा स्वतःचा सेंडर लागतो. उजव्या हेडला मागे एम१२ बाय १.५ चं बुच आहे, तिथे आटे बदलणारा तुकडा घालून जुन्या काट्याला जुळणारा सेंडर बसवा. ऑइलच्या दाबाचं तोंड इंजिनच्या मागे वर आहे, एम१६ बाय १.५. तिथेही तसाच तुकडा.

स्पीडोमीटर केबलचा आहे आणि ४एल६०ई च्या शेपटीला केबलचं भोकच नाही. त्या जागी ४० दात्यांचा सेन्सर. एक तर इशाऱ्यावर छोटी मोटर फिरवून केबल चालवणारा डबा लावा, म्हणजे मूळ डॅश शाबूत राहतो. नाहीतर इलेक्ट्रॉनिक मीटर लावा आणि कॉम्प्युटरच्या वायरीवरून मैलाला ४,००० स्पंदनं असा हिशेब त्यात भरा. दोन्ही बाबतीत एक्सल आणि टायरचं माप कॉम्प्युटरमध्ये बरोबर भरलेलं हवं, नाहीतर गियरही चुकीच्या वेगाला पडतील.

ट्यूनमध्ये चोरी-रोधक यंत्रणा बंद करून घ्या. ती चालू राहिली तर इंजिन मस्त चालू होतं आणि एक-दोन सेकंदांत बंद पडतं, दर वेळी. पेट्रोलचा दोष समजून पंप बदलू नका. मागचे ऑक्सिजन सेन्सर आणि टाकीच्या वाफेची तपासणीही तिथेच बंद होते. इलेक्ट्रिक पंखे लावणार असाल तर त्या २००२ च्या हार्नेसमध्ये पंख्यांच्या वायरी नसतील, ट्रकला यांत्रिक पंखा होता. कॉम्प्युटरच्या कनेक्टरमध्ये पिना घालाव्या लागतात आणि ट्यूनमध्ये पंखे चालू करावे लागतात. कॉम्प्युटर रिलेला अर्थ देतो, १२ व्होल्ट नाही. उलटं जोडलं की रिले ओढलंच जात नाही आणि पंखे फिरत नाहीत.

---

हौदा_७१

यांत्रिक पंखाच ठेवतो मग. थंड पाण्याच्या बाजूला काही सापळा? आणि पहिल्यांदा चालू करताना क्रम काय ठेवायचा?

---

पाना_१३

आहे सापळा. स्मॉल ब्लॉकमध्ये थर्मोस्टॅट वर, बाहेर जाणाऱ्या पाण्यावर असतो. यात तो खाली, पंपात शिरणाऱ्या पाण्यावर आहे. त्याला इंजिनचं गरम पाणी हीटरच्या वाटेने फिरून भेटतं. हीटर नको म्हणून ती दोन तोंडं बुचांनी बंद केलीत तर त्याला उशिरा कळतं आणि तापमान वर-खाली होत राहतं. दोन्ही तोंडं एकाच नळीने जोडून टाका. पाणी पूर्ण अडवणारा हीटरचा व्हॉल्व्हही याच कारणाने नको.

हेडच्या पुढच्या बाजूला वाफेची बारीक नळी निघते. ती बंद करू नका. रेडिएटरच्या सर्वांत वरच्या भागाला किंवा हीटरच्या परतीच्या नळीला जोडा. बंद केली की हेडमध्ये हवेचा फुगा अडकतो. काटा ठीक दाखवतो आणि मागचे सिलिंडर शिजत असतात.

हवेच्या नळीत एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) सरळ भागात ठेवा, कोपऱ्याला लागून नाही. सेन्सर आणि थ्रॉटल यांच्या मधे एकही भेग नको. तिथून आलेली हवा मोजलीच जात नाही.

---

तेलकट

क्रम असा. आधी इंजिनात ऑइल: मूळ चेंबरला ६ क्वार्ट, उथळ घेतला तर त्याच्या कागदावर असेल तेवढं. इंजिन वर्षानुवर्षं पडून असेल तर पंप कोरडा झालेला असतो आणि नुसत्या सेल्फने तेल उचलत नाही. ऑइल गॅलरीच्या तोंडातून दाबाने तेल भरा. मग इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून सेल्फ मारा, दहा-दहा सेकंद, मधे विश्रांती. दाबाचा काटा हलेपर्यंत पुढची पायरी नाही. मिनिटभरात हलला नाही तर थांबा आणि पिकअपच्या ओ-रिंगवर संशय घ्या.

मग फक्त पंपाचा फ्यूज लावा, चावी पाच-सहा वेळा द्या, गेजवर ५८ आलं का बघा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसा. ओला कागद म्हणजे अजून काम बाकी. शेजारी अग्निशामक ठेवून मगच बाकीचे फ्यूज. गियरबॉक्सला सुरुवातीला पाच-सहा क्वार्टच घालून इंजिन चालू करा आणि लगेच उरलेलं ओता. चालू झाल्यावर कन्व्हर्टर भरतो आणि पातळी झपाट्याने उतरते. ब्रेक दाबून दांडी प्रत्येक गियरमधून फिरवा. पातळी गरम झाल्यावर, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून मोजा.

क्रँक सेन्सर किंवा कॉम्प्युटर बदलला असेल तर क्रँकची ओळख कॉम्प्युटरला स्कॅनरने नव्याने करून द्यावी लागते. नाहीतर मिसफायरचे खोटे कोड येत राहतात. डॅम्परचा बोल्ट काढला असेल तर नवाच घ्या, ३७ फूट-पौंड आणि त्यावर १४० अंश. तो ताणला जाणारा बोल्ट आहे, जुना परत वापरला तर पट्ट्यासकट सैल होतो.

---

हौदा_७१

जोड बघायला जातो तेव्हा सेल्फ काढून सेन्सरचा रंग आणि दोन्ही रॉकर कव्हरखालचं आधी बघतो. टाकी मागेच जाणार. कॉलमच्या लीव्हरचं काम सुरू झालं की ओव्हरड्राइव्ह यांना परत त्रास देईन.

ओव्हरड्राइव्ह

द्या. गियरबॉक्सवरचा लीव्हर काढण्याआधी त्याचा फोटो आणि दांडीची लांबी, दोन्ही टिपून ठेवा.